चूक माझीच असेल

ऑफिसात तिच्या जागेला सगळे 'रिफंडची खुर्ची' म्हणत. ऑफिस जुन्या सामानाच्या ॲपचं होतं. लोकांनी घरातला नको झालेला पंखा, कपाट, सायकल फोटो काढून ॲपवर टाकायची, दुसऱ्या कुणी ती घ्यायची, आणि दोन-चार दिवसांनी घेणाऱ्याने लिहायचं, 'फोटोत दिसलं एक, घरी आलं भलतंच, माझे पैसे परत द्या.' विकणारा म्हणायचा, 'माझ्या घरून निघालं तेव्हा ठणठणीत होतं.' दोघांचं जमलं नाही की भांडण तिच्या पडद्यावर येऊन पडायचं.

तिच्याकडे तीन बटणं होती. पूर्ण परत, अर्धे परत, नामंजूर. तयार उत्तरं सव्वीस होती आणि त्यांना नंबर होते. चार नंबरचं सगळ्यात जास्त लागायचं: 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' एका भांडणाला अकरा मिनिटं ठरलेली. पाच वर्षं ती हे काम करत होती आणि अकरावं मिनिट तिला क्वचितच लागे. लोक शिव्या घालत, गयावया करत, घरातल्या आजारपणांचा पाढा वाचत, वकिलाची भीती घालत. ती सगळं एकाच चेहऱ्याने वाचायची, फोटो मोठा करून बघायची, बटण दाबायची.

शेजारच्या खुर्चीवरची बाई नवीन होती. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडून आली. डोळे पुसत ती म्हणाली, "तुम्हाला काही होत कसं नाही हो?"

"काय व्हायला पाहिजे?" तिने शेजारणीला विचारलं. त्यात खोच नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

एका मंगळवारी सकाळी टीमचे प्रमुख तिच्या टेबलाशी आले. हे गृहस्थ पूर्वी शाळेत शिकवायचे आणि अजूनही लोकांच्या ईमेलमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे मास्तर म्हणत. हळूहळू तोंडावरही म्हणायला लागले होते.

"एक विक्रेता बघ जरा," मास्तर म्हणाले. "भांडण नाही, वेगळंच प्रकरण आहे. सात महिन्यांत तेवीस वस्तू विकल्या. एकोणीस जणांनी पैसे परत मागितले. आणि एकोणीसही वेळा यांनी तासाभरात कबूल केलं. हूं नाही की चूं नाही."

"मग अडचण काय आहे?"

"अगं, असं कुणी करतं का? पैसे परत द्यायचे म्हटलं की चांगली चांगली माणसं मूग गिळून बसतात. हा एक तर अगदीच भोळा आहे, नाही तर पक्का बेरकी. चोरीचा माल असेल, बोभाटा नको म्हणून निमूट देत असेल. कॉम्प्युटरने लाल खूण केली आहे. खुलासा मागव आणि खातं चालू ठेवायचं की बंद करायचं, ते दोन दिवसांत सांग."

तिने खातं उघडलं. पहिला फोटो इस्त्रीचा होता. इस्त्री एका जाड लाकडी बाकावर ठेवलेली होती आणि बाकाच्या कडेला एक काळा डाग होता, कापलेल्या नखाएवढा. तो डाग तिनेच पाडला होता. नऊ वर्षांची होती, तापलेली सोल्डरगन सरळ लाकडावर ठेवली होती आणि धूर निघेपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं.

बाक तिच्या बाबांचं होतं. बाबांचा धंदा मोटर वाइंडिंगचा. पंख्याच्या, मिक्सरच्या, पंपाच्या जळलेल्या मोटरी लोक आणून टाकत. बाबा जळकी तार उपसून काढत, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरत, बांधत, वर व्हार्निश देत. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिचं लहानपण व्हार्निशच्या वासात गेलं. तारेखाली घालायचा कागद ती मापात कापून द्यायची, तेही इतकं नेमकं, की बाबा तिला नावाने हाक मारायचे सोडून 'कारागीर' म्हणायला लागले होते.

तिने विक्रेत्याची उत्तरं वाचायला घेतली. इस्त्री घेणाऱ्याने तीन आठवडे वापरून लिहिलं होतं, की रंग आवडला नाही. उत्तर होतं: 'चूक माझीच असेल. पैसे परत घ्यावेत. कळावे.' हेअर ड्रायरला वास येतो म्हणून एकीने तक्रार केली होती. 'चूक माझीच असेल. पैसे परत घ्यावेत. कळावे.' टेबलावरचा दिवा एकाच्या भिंतीला शोभत नव्हता. त्यालाही तेच. एकोणीस वेळा तेच, एका अक्षराचा फरक नाही. तिच्या सव्वीस उत्तरांसारखं.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. ज्या माणसाला ती ओळखत होती, त्याच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात एकदाही निघालं नव्हतं. दुरुस्त केलेली मोटर पुन्हा जळाली म्हणून गिऱ्हाईक परत आलं, की बाबा मान वर न करता म्हणायचे, "माझ्या हातचं काम आहे ते. तुमच्या घरातलं वायरिंग बघून घ्या." गिऱ्हाईक तणतणत निघालं, की आई मागच्या दाराने जाऊन त्याला कोपऱ्यावर गाठायची, घरखर्चातले पैसे त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "त्यांना सांगू नका हं."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. छातीत भरून येतंय, असं ती म्हणत होती. बाबा म्हणाले, व्हार्निशचा वास बसला असेल, खिडकी उघड आणि पड जरा. चौथ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. मुलगी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती, ती पोचली तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. नातेवाइकांनी घर भरलेलं असताना ती बाबांसमोर उभी राहून म्हणाली, "तुम्ही तिचं ऐकलं असतंत, तर ती असती." बाबा म्हणाले, "माझ्याकडून कसलीही चूक झालेली नाही." तिने बॅग उचलली आणि ती चालू लागली.

पुढे तिची नोकरी सुटली, ही लागली, ती याच शहरात राहायला आली. बाबांचं घर दोन बस बदलून पाऊण तासावर होतं. ती कधी गेली नाही. रडू येईल म्हणून तिने सुरुवातीला काही दिवस वाट पाहिली. आलं नाही. मग वाट पाहायचंही राहून गेलं. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. ती खंबीर वगैरे काही नव्हती. कुणी चिमटा काढला असता तर तिला तो दिसला असता, एवढंच.

विक्रेता किंवा घेणारा आपल्या नात्यातला निघाला, तर प्रकरण ताबडतोब दुसऱ्याकडे द्यायचं, असा ऑफिसचा नियम होता. तिला तो पाठ होता. त्यासाठी उठून मास्तरांच्या केबिनपर्यंत जायला हवं होतं आणि एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य सव्वीसांत नव्हतं. तिने चौदा नंबरचं उत्तर उचललं, 'आपल्या खात्यावरील व्यवहारांबाबत खुलासा करावा', आणि पाठवून दिलं.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं.

'मा. रिफंड विभाग यांस,

आपला निरोप मिळाला. वस्तू चोरीच्या नाहीत. काही माझ्या घरातल्या आहेत, काही भंगारवाल्याकडून आणून मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत. माझा धंदा मोटर वाइंडिंगचा, एक्केचाळीस वर्षे. दुकान आता बंद केले आहे, परंतु हात स्वस्थ बसत नाहीत.

पैसे लगेच का परत देता, असे आपण विचारता. समोरचा माणूस बिघडले म्हणतो, तर बिघडले असेल. मी पूर्वी कुणाचे ऐकून घेत नसे. त्यात एकदा फार मोठे नुकसान झाले. तपशील देत नाही, तो आपल्या विभागाचा विषय नाही. तेव्हापासून कुणी तक्रार केली की मी वाद घालत नाही. यात आपल्या नियमाचा भंग होत असल्यास क्षमस्व.

कळावे.'

तिने ते एकदा वाचलं. घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं झाली होती. तिने चार नंबरचं उत्तर पाठवलं.

थोड्या वेळाने पुन्हा निरोप आला: 'आपण दिलगिरी कशाबद्दल व्यक्त केलीत, ते समजले नाही. तरी आभारी आहे.'

दुपारी तिने डबा खाल्ला, धुतला, बॅगेत ठेवला. त्यानंतर सत्तावीस भांडणं मिटवली. संध्याकाळी घरी जाताना आपला थांबा येऊन गेला, हे तिला दोन थांबे पुढे गेल्यावर कळलं. ती उतरून मागे चालत आली.

बुधवारी त्याच खात्यावर विसावी मागणी येऊन पडली. टेबल फॅन. घेणारा लिहीत होता, 'दुसऱ्याच दिवशी मोटर जळाली, जिवावर बेतलं असतं, पूर्ण पैसे हवेत.' सोबत उघडलेल्या मोटरचा फोटो होता, काळी ठिक्कर पडलेली गुंडाळी. बाबांचं उत्तर आधीच आलेलं होतं, नेहमीचंच. फक्त खात्यावर लाल खूण असल्यामुळे पैसे अडकले होते आणि तिच्या बटणाची वाट बघत होते.

तिने जळक्या मोटरचा फोटो मोठा केला. तारेचे झुबके प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांनी आवळलेले होते. मग तिने विक्रीच्या जाहिरातीतले फोटो काढले. बाबा प्रत्येक वस्तूचा आतला भागही दाखवायचे, ती त्यांची जुनी घमेंड होती. तिथल्या गुंडाळीवर हिरवा दोरा होता. वाइंडिंगचा पांढरा दोरा एकदा संपला तेव्हा बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातली हिरवी रिळं उचलली होती. आई रागावली, बाबा म्हणाले, चांगला पक्का आहे, आणि तेव्हापासून हिरवाच दोरा आला. दुसरं कुणी हिरव्या दोऱ्याने मोटर बांधत नव्हतं.

म्हणजे माणसाने चांगला पंखा ठेवून घेतला होता आणि दुसऱ्याच कुठल्या जळक्या मोटरचा फोटो पाठवला होता. तिने 'नामंजूर' दाबलं. कारणाच्या चौकटीत तयार उत्तर न टाकता स्वतः लिहिलं, 'फोटोतली मोटर या पंख्याची नाही. बांधणी वेगळी आहे. पंख्याच्या तळाच्या नंबराचा फोटो पाठवावा.' घेणाऱ्याने तिला एक घाणेरडी शिवी लिहून पाठवली. नंबराचा फोटो काही आला नाही, ना तेव्हा, ना नंतर.

आला तो बाबांचा निरोप. 'मा. रिफंड विभाग, निकाल माझ्या बाजूने लागला असे कळते. कृपया तो बदलावा. त्या गृहस्थांना पैसे परत द्यावेत. चूक माझीच असेल.'

पाच वर्षांत निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून तक्रार करणारा तिने पाहिला नव्हता. ती पडद्याकडे बघत बसली. मग तिने कानाला हेडफोन लावला आणि विक्रेत्याचा नंबर फिरवला. तशी सोय होती, फारसं कुणी वापरत नसे.

"नमस्कार. मी रिफंड विभागातून बोलते आहे. हा कॉल रेकॉर्ड होतो आहे."

"बोला बाई," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिचाही आवाज पाच वर्षं तीच ती वाक्यं बोलून घासून निघाला असणार.

"तुमच्या टेबल फॅनबद्दल फोन केला. आम्ही पैसे परत देणार नाही आहोत."

"द्या हो, द्या. कशाला उगाच? जळला म्हणतात ना ते."

"तो तुमचा पंखा नाही."

"असेल, नसेल. चूक माझीच..."

"तुमची चूक नाही. फोटोत प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. तुम्ही कधी पट्टी वापरली आहे का?"

"नाही."

"तुम्ही हिरव्या दोऱ्याने बांधता. दोन वेढे, मग गाठ, गाठ आतल्या अंगाला. दोऱ्याचं टोक जाळायचं नाही, व्हार्निशमध्ये बुडवायचं."

पलीकडे लांब कुठेतरी नळ चालू होता, तो तिला ऐकू आला.

"गाठ आतल्या अंगाला असते," बाबा सावकाश म्हणाले, "ते फोटोत दिसत नाही, बाई."

"नाही दिसत."

"कारागीर?"

"हो."

नळ बंद झाला. ते पुन्हा फोनवर आले तेव्हा आधी त्यांनी विचारलं, "हे सगळं रेकॉर्ड होतंय म्हणालीस. तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना?"

"होईल काहीतरी."

"मग लवकर आटपतो. तुझ्या आईने पहिल्या दिवशी एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने सांगायचं सोडून दिलं. मला वाटलं, बरं वाटत असेल. तू म्हणालीस ते खरं होतं. माझं चुकलं. एवढंच. ठेव आता."

हे वाक्य तिने सहा वर्षांत किती वेळा ऐकलं होतं, मनातल्या मनात, बसमध्ये, भांडी घासताना. ते ऐकल्यावर आपण ओरडू, किंवा रडू, किंवा फोन आपटू, असं तिला वाटायचं. आता ते खरोखरच आलं, सकाळी पावणेबारा वाजता हेडफोनमधून, आणि निघून गेलं. तिने आत चाचपून पाहिलं. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला हात लावतो, बोटाला गाल लागतो, पण गालाला बोट लागत नाही, तसं होतं.

"रविवारी घरी आहात का?" तिने विचारलं.

"मी कुठे जाणार?" बाबा म्हणाले.

फोन ठेवून ती सरळ मास्तरांच्या केबिनमध्ये गेली. "तो विक्रेता माझे वडील आहेत," ती म्हणाली. "मला कालच समजलं होतं. मी सांगितलं नाही."

मास्तरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. ऐकून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "नियम म्हणजे नियम," ते शेवटी म्हणाले. "लेखी माफी दे. ती खुर्ची आता तुला देता येणार नाही. हरवलेल्या पार्सलांकडे जा. तिथे कुणी भांडत नाही, नुसते शोधतात." माफीचं पत्र तिने तिथेच लिहून दिलं. त्यांनी त्यात दोन वेलांट्या सुधारल्या आणि सहीसाठी परत केलं. "फॅनवाल्याचं मात्र तू बरोबर पकडलंस," ते म्हणाले, दुसरीकडे बघत. खातं चालू राहिलं. लाल खूण शेजारणीने काढली.

रविवारी बाबांनी दार उघडलं तेव्हा शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली होती. माणूस आक्रसून गेला होता. कॉलरमध्ये मान सैल पडत होती. "ये," ते म्हणाले, आणि बाजूला झाले. बाजूला व्हायलाही जागा नव्हती, कारण पुढची खोली खोक्यांनी भरलेली होती. एकावर एक, भिंतीला लावून, खिडकीच्या निम्म्यापर्यंत. सगळ्यांवर परतीची चिठ्ठी आणि चिकटपट्टी.

"हे काय?"

"परत आलेलं. एकोणीस."

"उघडली का नाहीत?"

"काय उघडायचं? आलं परत, ठेवलं."

बाबांनी चहा केला. तिने तो अर्धाच प्यायला आणि कात्री मागितली. बोलण्यासारखं दोघांकडे काही नव्हतं, खोकी मात्र होती. ती चिकटपट्टी कापायची आणि वस्तू बाकावर ठेवायची, बाबा ती लावून बघायचे. इस्त्री तापली. हेअर ड्रायर चालला, वास कसलाच नव्हता. दिवा लागला. सातव्या खोक्यात टोस्टर असायला हवा होता. त्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन विटा निघाल्या.

बाबांनी एक वीट हातात घेऊन निरखली. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले, "की टोस्टर तिकडे जाऊन वजनाने वाढला कसा."

तिच्या नाकातून फुस्स असा आवाज निघाला. दोघेही दचकले. मग बाबांनी विटा दाराशी नीट लावून ठेवल्या, जणू काही त्या दुरुस्तीला आल्या होत्या.

दुपार होईस्तोवर सगळी खोकी उघडून झाली. एकोणीसपैकी चौदा वस्तू उत्तम चालत होत्या. एका वस्तूच्या विटा झाल्या होत्या. चारांत खरंच खोट होती, आणि त्यांतल्या दोन तर पाच मिनिटांच्या कामाच्या होत्या. तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाकावर ठेवला.

"या चार जणांनी काय लिहिलं होतं, आठवतं?"

"नाही."

"वाचलं होतंत?"

बाबांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या.

"म्हणजे तेव्हा ऐकत नव्हतात, आणि आताही ऐकत नाही!" ती म्हणाली. "नुसतं चूक माझीच, चूक माझीच. कुणी काय म्हणतंय, कुठे दुखतंय, काय वाजतंय, कशाकडे लक्ष आहे तुमचं? समोरच्याने तोंड उघडलं की तुम्ही त्याच्या अंगावर पैसे टाकून दार लावून घेता. ती असती तर तिलाही हेच म्हणाला असतात. हो गं, चूक माझीच, पड जरा!"

खोलीत आवाज घुमला. तिला स्वतःचंच हृदय कानात ऐकू येत होतं. हातात कात्री होती, ती तिने खाली ठेवली.

"रागावलीस," बाबा म्हणाले.

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. मग लगेच सावरून, "म्हणजे तसं नाही. ऐकतोय मी. बोल."

पण तिच्याकडचं बोलणं संपलं होतं. ती स्टुलावर बसली. बाबांनी तिचा गार झालेला चहा गरम करून आणला, तो तिने या वेळी पूर्ण प्यायला.

थोड्या वेळाने बाबांचा फोन टुंग करून वाजला. गेल्या आठवड्यात मिक्सर घेतलेल्या एका बाईंची मागणी होती. 'तिसऱ्या स्पीडला खरखर येते. पैसे परत मिळतील का?' बाबांचा अंगठा सवयीने पैसे परत द्यायच्या हिरव्या बटणाकडे गेला.

"विचारा आधी," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"तुम्ही एक्केचाळीस वर्षं मोटरी उघडताय. मी सांगू काय विचारायचं ते?"

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'खरखर सतत येते, की थांबून थांबून? भांडे रिकामे असताना येते का?' बाईंनी सरळ आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. बाबांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बुश गेलंय," ते म्हणाले. "जुनंच राहू दिलं होतं मी. बदलायला हवं होतं, तेव्हा कंटाळा केला. छे! शोभत नाही हे." त्यांच्या आवाजाला बऱ्याच दिवसांनी धार आली होती. त्यांनी लिहिलं, 'चूक माझी आहे. मोटरचा दांडा ज्यात फिरतो, ते आतले बुश झिजलेले आहे. पैसे परत हवेत, की येऊन बदलून देऊ?'

बाईंनी लिहिलं, उद्या सकाळी या.

बाबा उठले आणि डब्यांमधून बुश शोधायला लागले. एक डबा, दुसरा डबा, झाकणं खाली पडायला लागली. ती निघाली तेव्हा ते गुडघ्यावर बसून बाकाखाली हात घालत होते. "पुढच्या रविवारी येशील?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"बघते."

"बघ," ते म्हणाले.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रडू आलं नाही. डोकं मात्र ठणकत होतं, ओरडल्यामुळे असेल, आणि भूक लागली होती. उतरल्यावर तिने कोपऱ्यावरून पाव घेतला आणि घरी पोचायच्या आत रस्त्यातच अर्धा संपवला.

सोमवारी ती हरवलेल्या पार्सलांच्या टेबलावर बसली. नवी खुर्ची एका बाजूला कलत होती. पहिलं प्रकरण गायब झालेल्या आरशाचं होतं, ते तिने वाचायला घेतलं, तेवढ्यात फोनवर निरोप आला.

'बुश बदलले. बाईंनी चालवून पाहिला. चहा दिला. कळावे.'

तिने 'बरं' असं लिहून पाठवलं. फोन पालथा ठेवला. आरशाच्या मालकाने पार्सलवर पत्ता अर्धवट लिहिला होता, तो जुळवताना पाच-सात मिनिटं गेली. मग तिने फोन पुन्हा उचलला आणि लिहिलं, 'तिसऱ्या स्पीडला चालवला का?'

उत्तर यायला वेळ लागला. एका बोटाचं काम होतं.

'तिसऱ्यालाच चालवला. दहा मिनिटे. मी घड्याळ लावून उभा होतो.'